हलका क्रमांक १२ : नियम कसे घडतात, या अभ्यासाची प्रस्तावना

२० फेब्रुवारी २००३ रोजी राष्ट्रपतींनी एक आदेश काढला. छत्तीसगड, झारखंड आणि मध्य प्रदेश या तीन राज्यांत राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येणारी क्षेत्रे कोणती, हे त्या आदेशाने ठरवले. त्यातला पांढुर्णा तहसिलीचा मजकूर या विषयात नव्याने येणाऱ्याने एकदा सावकाश वाचावा. पटवारी हलका क्रमांक १ ते ११ आणि १३ ते २६ अनुसूचित क्षेत्रात आहेत. हलका क्रमांक १२ सुद्धा आहे, पण त्यातले भुली हे गाव वगळून. त्याच्या आधी सौंसर तहसील येते. तिथे ५, ८, ९, १०, ११ आणि १४ एवढेच हलके आत आहेत, बाकीची तहसील बाहेर.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी सांगायचे तर पटवारी हलका म्हणजे आपल्याकडचा तलाठ्याचा सज्जा. एका पटवाऱ्याच्या दप्तराखाली जेवढी गावे, तेवढा त्याचा हलका. महसूल गोळा करणे आणि नोंदी ठेवणे सोयीचे व्हावे म्हणून या रेषा आखल्या गेल्या. पुढे याच रेषांवर घटनेने दिलेले संरक्षण येऊन बसले. रेषेच्या आत पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पंचायत कायदा, लागू होतो. जमीन महसूल संहितेच्या कलम १७०-ब खाली आदिवासीची हातची गेलेली जमीन परत मिळवून देण्यात ग्रामसभेला वाटा मिळतो, आणि एखादा कायदा इथे जसाच्या तसा लागू करायचा की फेरफार करून, हे ठरवण्याचा अधिकार राज्यपालांकडे राहतो. रेषेबाहेरच्या गोंड कुटुंबाची गरिबी तीच, जंगल तेच, सावकारही तोच. पण हा आधार त्याला नाही.

बाहेरच्या जगात पांढुर्ण्याचे नाव निघते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे, म्हणजे दगडफेकीच्या प्रथेमुळे. त्या दिवशी कॅमेरे येतात, जमावबंदीचे आदेश निघतात, जखमींचे आकडे छापून येतात. आकड्यांच्या भाषेत लिहिलेल्या त्या राष्ट्रपती आदेशाची मात्र कधी बातमी झाली नाही. त्याने या दोन तहसिलींतल्या माणसांच्या आयुष्यावर जेवढा परिणाम केला, तेवढा गोटमारीने खचितच केला नसेल. अशा कागदांकडे लक्ष वेधावे, त्यांच्या अभ्यासाला माणसे जोडावीत, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

कायदा विधिमंडळात होतो, हे आपण शाळेत शिकतो. त्या कायद्याचे नियम, अधिसूचना, आदेश, परिपत्रके राज्याच्या मंत्रालयात, म्हणजे भोपाळच्या वल्लभ भवनात, किंवा दिल्लीच्या मंत्रालयांत तयार होतात, याकडे आपले लक्ष जात नाही. वास्तविक माणसाची गाठ पडते ती नियमाशी. पेसा कायदा संसदेने २४ डिसेंबर १९९६ रोजी केला. त्याच्या मागे मध्य प्रदेशातलेच खासदार दिलीपसिंह भूरिया यांच्या समितीचा १९९५ चा अहवाल होता. मध्य प्रदेशाने त्याचे नियम लागू केले १५ नोव्हेंबर २०२२ रोजी. मधल्या सव्वीस वर्षांत पंचायत कायद्यात काही तरतुदी आल्या. पण ग्रामसभा बोलवायची कुणी, तिचा ठराव कुणी मानायचा, न मानल्यास काय करायचे, हे सांगणारा कागद नव्हता. त्या काळात पांढुर्ण्याच्या पंचवीस-सव्वीस हलक्यांत जन्मलेले मूल हाताशी हक्क असूनही तो वापरायची वाट न सापडता मोठे झाले. नियम न करणे हासुद्धा सरकारचा एक निर्णयच असतो, आणि त्याचा अभ्यास केलेल्या नियमाइतक्याच बारकाईने व्हायला हवा.

या अभ्यासामागची माझी धारणा आधीच सांगून टाकतो. सरकार जेव्हा नियम करण्याची पद्धत बदलते, म्हणजे मुदत कमी करते, पायऱ्यांचा क्रम उलटा करते, कायद्याऐवजी अध्यादेश आणते, अधिसूचनेऐवजी परिपत्रकावर भागवते, तेव्हा सर्वांत आधी ज्यांच्याकडे पद्धतीशिवाय दुसरे काही नाही ती माणसे बाहेर फेकली जातात. कारखानदाराला मंत्र्याची भेट मिळते, त्याच्या संघटनेचा वकील मसुदा निघण्याआधीच मसुद्यावर बोलून आलेला असतो. बड्या बागायतदाराला आमदार ओळखतो. ज्याला कोणीच ओळखत नाही त्याच्या वाट्याला पंचायतीच्या भिंतीवर चिकटवलेला कागद, कोटवाराने, म्हणजे गावच्या चौकीदाराने, दिलेली दवंडी आणि हरकत नोंदवायची तारीख, एवढेच येते. ती तारीख काढून घेतली की त्याचे सगळेच गेले.

या विषयाची कायदेशीर पायवाट कुठून सुरू होते याचे उत्तर योगायोगाने नागपूरकडे जाते. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हरला नावाच्या माणसाचे प्रकरण आले. जयपूर संस्थानच्या अफू कायद्याखाली त्याला शिक्षा झाली होती, दंड ५० रुपयांचा. तो कायदा मंत्रिमंडळाच्या ठरावाने झाला होता आणि लोकांसाठी कधी प्रसिद्धच केला गेला नव्हता. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला की ज्या कायद्याची लोकांना खबरच दिली नाही तो लोकांना बांधू शकत नाही. ते नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे. बोस सर्वोच्च न्यायालयात जाण्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते आणि तेव्हा छिंदवाडा जिल्हा, म्हणजे पांढुर्णा आणि सौंसरसुद्धा, त्याच न्यायालयाच्या कक्षेत होता. पन्नास रुपयांच्या दंडासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एवढे मूलभूत तत्त्व मांडावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

हरलाच्या निकालाने खबर देणे बंधनकारक केले. खबर कुणाला समजावी, हे मात्र त्यात ठरले नाही, आणि पुढची सत्तर वर्षे भांडण त्याचेच आहे. १८९७ च्या सामान्य परिभाषा कायद्याचे कलम २३ सांगते की ज्या कायद्यात पूर्वप्रसिद्धीची अट आहे तिथे नियमाचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा, तो कोणत्या तारखेनंतर विचारात घेणार ते सांगावे, आणि आलेल्या हरकती-सूचनांचा विचार करावा. त्याच कलमात शेवटी एक बारीक वाक्य आहे. अंतिम नियम राजपत्रात छापून आला की तो रीतसर झाला याचा तोच निर्णायक पुरावा समजावा. म्हणजे हरकतींचा विचार नीट झाला की नाही हे नंतर उकरून काढणे फार अवघड. म्हणूनच मसुद्याचे दिवस मोलाचे. केंद्र सरकारने २०१४ मध्ये कायदापूर्व सल्लामसलतीचे धोरण आणले आणि किमान तीस दिवसांची मुदत सांगितली. मसुद्याबरोबर सोप्या भाषेत टिपण द्यावे, ज्यांच्यावर जास्त परिणाम होणार त्यांच्यापर्यंत तो खास पोहोचवावा, असेही त्यात आहे. धोरण चांगले आहे. पण ते सचिवांच्या समितीचा निर्णय आहे, कायदा नाही. ते पाळले नाही म्हणून नियम रद्द करून घेणे सोपे नसते.

आता ते तीस दिवस इथल्या पंचांगावर ठेवून पाहा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायची असतात, माणूस पहाटेपासून जंगलात. मे महिना तेंदूपत्त्याचा. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत उतरतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि त्याच्या मध्येच कापूस वेचणीचे दिवस येतात. ज्याचे पोट रोजंदारीवर आहे त्याच्यासाठी वर्षातले मोकळे तीस दिवस शोधून काढणे हेच एक काम आहे. दिल्लीतल्या टेबलावर तीस दिवस सगळीकडे सारखेच दिसतात. या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्याने कुठलाही मसुदा हातात घेतला की आधी त्याची तारीख पाहावी आणि त्या तारखेला गावात कोण होते ते विचारावे, असा माझा आग्रह असतो.

तारीख किती घात करू शकते हे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २०२० च्या मसुद्याने देशाला दाखवले. मार्चमध्ये मसुदा निघाला आणि देश टाळेबंदीत गेला. हरकतींची मुदत मात्र चालू. शेवटी प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ३० जून २०२० रोजी न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांत भाषांतरित करून प्रसिद्ध करायला सांगितले. केंद्राने याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. राजभाषा कायद्याप्रमाणे हिंदी आणि इंग्रजी एवढेच बंधन आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. कायद्याच्या अक्षरात तो चुकीचाही नव्हता. पण खाण कुठे निघणार, सुनावणी कधी होणार, होणार की नाही, हे ज्या कागदात ठरते तो कागद मराठी, ओडिया किंवा तमिळ माणसाला वाचता येऊ नये, ही परिस्थिती कोणत्याही अक्षराने न्याय्य ठरत नाही.

भाषेचा प्रश्न आला की पांढुर्णा-सौंसरमधला मराठी वाचक सरसावून बसतो, आणि ते योग्यच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर-विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी, बाजारात मराठी, राजपत्र हिंदीत, अशी स्थिती तेव्हापासून आहे. राज्यपुनर्रचनेच्या वेळी संसदेपुढे ठेवलेल्या निवेदनातून आणि नंतरच्या मुख्यमंत्री परिषदेतून भाषिक अल्पसंख्याकांसाठी संरक्षणाची एक योजना आकाराला आली. तिच्यात एक कलम आहे, जे नियमनिर्मितीच्या अभ्यासकाने अधोरेखित करून ठेवावे. जिल्ह्यात किंवा त्याखालच्या पातळीवर ज्या भाषेचे लोक किमान १५ टक्के आहेत, त्या भाषेत महत्त्वाचे नियम, विनियम आणि सूचना भाषांतरित करून प्रसिद्ध कराव्यात. घटनेचा ३५० वा अनुच्छेद तर प्रत्येकाला राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देतो. सौंसर तहसील कार्यालयात मराठीतून हरकत देणे ही मेहरबानी मागणे नव्हे.

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली छिंदवाड्यातून वेगळ्या होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्ह्याची सीमा बदलताना आधी प्रस्ताव प्रसिद्ध करून हरकती मागवाव्यात, हे महसूल संहिताच सांगते. जिल्हा होणे ही इथल्या माणसासाठी चांगली गोष्ट झाली, असे माझे मत आहे. कलेक्टरची कचेरी जवळ आली की दिवसाची मजुरी वाचते, आणि गरिबासाठी अंतर हाच मोठा अडथळा असतो. मात्र सीमा हलली की टक्केवारीचा छेद बदलतो, आणि या बदलाचा हिशेब कुणी मांडलेला मला दिसत नाही. मोठ्या छिंदवाडा जिल्ह्यात मराठी भाषकांचे प्रमाण सगळ्या जिल्ह्यावर पसरून पातळ व्हायचे. नव्या जिल्ह्यात ते दाट झाले. १५ टक्क्यांची अट आता तहसीलच्या पातळीवरच शोधत बसायची गरज नाही, ती जिल्ह्याच्या पातळीवर समोर उभी आहे. याउलट तामिया, हर्रई, जुन्नारदेव, बिछुआ हे आदिवासींचे बालेकिल्ले छिंदवाड्यातच राहिले. तिथल्या संख्येचे जे वजन पांढुर्ण्याच्या गोंडांच्या पाठीशी जिल्ह्याच्या बैठकीत असायचे, ते आता नाही. त्याच एका रेषेने एका दुर्बल गटाला बळ दिले आणि दुसऱ्याला थोडे एकटे पाडले. शिवाय २००३ च्या आदेशात हे सगळे हलके छिंदवाडा जिल्ह्याच्या नावाखालीच नोंदलेले आहेत. अनुसूचित क्षेत्र कमी-जास्त करण्याचा अधिकार राष्ट्रपतींचा. कलेक्टर बदलल्याने किंवा जिल्ह्याचे नाव बदलल्याने ते बदलत नाही. हे माहीत असलेला ग्रामसभेचा एक सदस्य गावात असणे आणि नसणे यात मोठा फरक आहे.

इथे आपल्या मराठी बांधवांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती टाळून हा अभ्यास प्रामाणिक होणार नाही. राज्याच्या हिशेबात मराठी माणूस अल्पसंख्य असला, तरी गावाच्या हिशेबात तो बहुधा जमीनवाला असतो, आणि त्याच्या बागेत संत्री तोडणारा गोंड मजूर असतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २२ भाषा सांगितल्या. त्यांत मराठी होती, गोंडी नव्हती. गोंडी आठव्या अनुसूचीत नाहीच. राजपत्र मराठीत यावे ही मागणी मी मनापासून करतो. पण ते मराठीत आल्यावर ग्रामसभेत त्याचे वाचन कोणत्या भाषेत होणार, प्रश्न विचारायला मागच्या बाजूला बसलेली गोंड बाई उठली तर तिला कोण बोलू देणार, हेही त्याच मागणीत आले पाहिजे. दुर्बल कोण, हे कायमचे ठरलेले नसते. वल्लभ भवनासमोर जो दुर्बल, तोच गावच्या चावडीवर बळकट असू शकतो.

हा भेद मराठी विचाराला नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले ते शिक्षणाबद्दल. त्यांचे म्हणणे असे होते की सरकारचा पैसा रयतेच्या करातून येतो आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गाला मिळते. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी जंगल खात्यावर लिहिले, कारण नव्या नियमांनी गायरान आणि रान गेले आणि लहान शेतकऱ्याची गुरे उपाशी पडली. फुले एकाच वेळी वरच्या सरकारला आणि मधल्या कारकुनाला जाब विचारत होते. नियम कुणी लिहिला, कुणाच्या हातून अमलात आला आणि मधल्या मधे कुणाचे साधले, हे तिन्ही प्रश्न त्यांनी एकत्र विचारले. आपल्या क्षेत्रातले पहिले मराठी लेखन कोणते असे कुणी विचारले, तर मी तिथेच बोट ठेवीन.

दुसरे बोट पुण्यात ठेवीन. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा बिहारच्या जमीनविषयक कायद्यांचा अभ्यास करत होते. त्या ओघात त्यांना आढळले की बिहारमध्ये विधानसभेला बाजूला ठेवून अध्यादेशांवरच राज्य चालू आहे. १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ अध्यादेश निघाले आणि त्यांतले कित्येक मुदत संपली की पुन्हा पुन्हा काढले गेले. वाधवांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि स्वतःच सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ च्या निकालात न्यायालयाने ही प्रथा घटनेशी प्रतारणा ठरवली. एका प्राध्यापकाने ग्रंथालयात बसून राजपत्रे चाळली, तारखा लावल्या, तक्ता केला, आणि त्यातून देशाचा कायदा बदलला. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यातली संमतीची आणि सामाजिक परिणाम अभ्यासाची अट काही प्रकल्पांपुरती काढून टाकण्यासाठी डिसेंबर २०१४ मध्ये अध्यादेश निघाला, २०१५ मध्ये तो दोनदा पुन्हा आणला गेला आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर संपू दिला गेला. तेव्हा लोकांना वाधवा पुन्हा आठवले.

पद्धतीतला बदल सगळ्यात लपून राहतो तो पायऱ्यांच्या क्रमात. वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवायची असेल, तर आधीच्या व्यवस्थेत केंद्राच्या अंतिम मंजुरीपूर्वी वनहक्कांचा निपटारा आणि ग्रामसभेची संमती पाहिली जाणे अपेक्षित होते. २८ जून २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी ही जबाबदारी राज्य सरकारवर टाकली, आणि ती केंद्राच्या अंतिम मंजुरीनंतरच्या टप्प्यावर गेली. मंत्रालयाचे म्हणणे होते की वनहक्क कायदा जागच्या जागी आहे, त्याला हात लावलेला नाही. ते खरे. पण पैसे भरले गेले, मंजुरी हाती आली, आणि मग ग्रामसभेला विचारायचे, याचा अर्थ गावातल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. राष्ट्रीय अनुसूचित जनजाती आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष हर्ष चौहान यांनी त्याच वर्षी मंत्रालयाला पत्र लिहून हे नियम थांबवण्याची मागणी केली होती. घटनात्मक आयोगाच्या अध्यक्षाला जी गोष्ट खटकली, ती कायद्याच्या एकाही शब्दात नव्हती. ती होती ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांत.

सौंसर तहसिलीतल्या बोरगावच्या औद्योगिक क्षेत्राकडे पाहिले की दुसरी बाजू दिसते. मे २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकारने कामगार कायद्यांतून मोठ्या सवलती दिल्या. नव्या कारखान्यांना औद्योगिक विवाद कायद्याच्या बऱ्याच तरतुदींतून १००० दिवस सूट. विधानसभेत चर्चा नाही, मसुदा नाही, हरकती नाहीत. टाळेबंदीत कामगार रस्त्याने चालत गावी निघाले असताना हे आदेश निघाले. गुजरातने त्याआधी एप्रिलमध्ये फॅक्टरी कायद्यातल्या सार्वजनिक आणीबाणीच्या कलमाचा आधार घेऊन कामाचे तास वाढवले होते आणि जादा कामाचा दुप्पट मोबदला काढून घेतला होता. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. महामारी हे संकट खरे, पण कायद्याला अभिप्रेत असलेली आणीबाणी ती नव्हे; संकटाचा भार कामगाराच्या एकट्याच्या खांद्यावर टाकता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. सरकारे घाईत असतात तेव्हाच पद्धत बदलते, हे या काळाने चांगलेच दाखवले.

परदेशातला अनुभवही उपयोगी आहे. अमेरिकेत १९४६ पासून मसुदा प्रसिद्ध करून लोकांची मते घेण्याची पद्धत कायद्यानेच बांधलेली आहे. ११ फेब्रुवारी १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला की सरकारी खात्यांनी आपल्या कामाचा गरीब आणि अल्पसंख्य वस्त्यांच्या आरोग्यावर आणि पर्यावरणावर होणारा परिणाम तपासावा. तीन दशके त्यावर खाती चालली, अभ्यासक तयार झाले. जानेवारी २०२५ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी एका आदेशाने तो रद्द केला. ब्रिटनने यासारखे कर्तव्य २०१० च्या समानता कायद्यात घातले, म्हणून ते काढायचे तर संसदेत जावे लागेल. आपले २०१४ चे धोरण अमेरिकेच्या त्या आदेशाच्या जातीचे आहे. ते कायद्यात आणा, ही मागणी त्यामुळे मला सर्वांत निकडीची वाटते.

मध्य प्रदेशाच्या पेसा नियमांत एक तरतूद अशी आहे की तिच्याबद्दल मी हातचे राखून बोलणार नाही, ती उत्तम आहे. पटवाऱ्याने आणि जंगलाच्या बीट गार्डने दर वर्षी गावच्या जमिनीचा नकाशा आणि खसरा व बी-१ या जमीननोंदींची नक्कल ग्रामसभेपुढे ठेवायची. कुणाच्या नावावर किती, कुठल्या गटाला काय शेरा, मागच्या वर्षात कोणता फेरफार झाला, हे सगळ्यांसमोर यायचे. चूक असेल तर ती दुरुस्त करा असे ग्रामसभा सांगू शकते. ज्या कागदासाठी माणूस तहसिलीत खेटे घालायचा, तो कागद वर्षातून एकदा स्वतः चालत गावात येतो. आपल्या शेताच्या नोंदीत भलत्याचेच नाव शिरले आहे, हे विधवेला दहा वर्षांनी न कळता त्याच वर्षी कळू शकते. अट एकच, की सभा खरोखर भरली पाहिजे आणि नक्कल मोठ्याने वाचली गेली पाहिजे. नुसत्या अंगठ्यांच्या रांगेने रजिस्टर भरते, नोंद दुरुस्त होत नाही.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्यांना माझे निमंत्रण मोठ्या ग्रंथांपासून सुरू होत नाही. कायद्याचे शिक्षण नसले तरी चालेल. राजपत्र वाचायला हिंदी येते, मराठी येते, एवढे भांडवल इथल्या प्रत्येक पदवीधराकडे आहे, आणि ज्याला गोंडीही येते तो या अभ्यासात आमच्या सर्वांच्या पुढे आहे. शिक्षकांनी यावे, पंचायत सचिवांनी यावे, बचत गटांतल्या बायांनी यावे. नागपूर आणि छिंदवाड्याच्या महाविद्यालयांतले विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधत असतात. त्यांनी पांढुर्णा तहसिलीतल्या एका हलक्यात जाऊन २०२२ नंतरच्या ग्रामसभांची रजिस्टरे पाहावीत. सभेची सूचना किती दिवस आधी निघाली, दवंडी कोणत्या वस्तीपर्यंत गेली, खसरा वाचला गेला की नुसता ‘वाचून दाखवला’ असा शेरा पडला, तेंदूपत्ता स्वतः तोडून विकण्याचा ठराव वेळेत झाला की वेळ टळून गेल्यावर आठवला, हे टिपून घ्यावे. मग शेजारच्याच, अनुसूचित क्षेत्राबाहेर राहिलेल्या सौंसरच्या एखाद्या गावात जाऊन तेच प्रश्न विचारावेत. दोन वह्या शेजारी ठेवल्या की रेषेने काय दिले आणि काय दिले नाही ते आपोआप बोलू लागेल.

आणि एक काम असे आहे की ते लवकर व्हायला हवे. पटवारी हलक्यांची पुनर्रचना वेळोवेळी होते, क्रमांक बदलतात, एका हलक्याची गावे दुसऱ्यात जातात. २००३ च्या आदेशातले क्रमांक मात्र त्या दिवशीचेच आहेत. तेव्हाच्या प्रत्येक हलक्यात कोणकोणती गावे आणि टोले होते, आज ते कोणत्या क्रमांकाखाली आहेत, याचा गावागावानुसार तक्ता मराठी, हिंदी आणि गोंडीत तयार करून प्रत्येक पंचायतीत लावायला हवा. जुनी माहिती महसूल खात्याच्या नोंदींत आहे, माहिती अधिकारात ती मागता येते. ज्यांनी त्या काळात पटवारी म्हणून काम केले त्यांतले काही निवृत्त होऊन याच गावांत राहतात. त्यांच्याकडे बसून हा तक्ता पुरा करणे हे एका उन्हाळ्याचे काम आहे.